खाजगी तापाचे पेशंट

दवाखान्याला भिंत लागून घर असलं की किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपल्या पायांनी घरात येतात. आमची आणि डॉक्टरसाहेबांची मधली भिंत अर्ध्या विटेची. मी नववी शिकलेली बाई, पण पुढचं बरंचसं त्या भिंतीनं शिकवलं.

आता लकडगंजच्या आमच्या गल्लीत त्या जागी मोबाइलची काच बदलून देतात. डॉक्टरसाहेब मुलाकडे राहायला गेले, कंपाउंडर बाबाराव देवाघरी गेले. तरी ओट्यावर भाजी निवडायला बसले की 'त्वचा व गुप्तरोग' ही पाटी दिसल्यासारखी होते, आणि त्या पाटीखालून मान खाली घालून जाणारी माणसंही.

यातले बरेच किस्से मी सुनीलला सांगण्यासाठी घासूनपुसून ठेवले होते. दवाखाना चालू होता तेव्हाची गोष्ट. सुनील समोरच्या घरचा, तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात कामाला. वैशालीशी त्याचं लग्न ठरलं, साखरपुडा झाला, आणि पोट्ट्याचं तोंड उतरलं. एक दिवस आईला म्हणाला, "लग्न मोडून टाक." काहून, ते सांगेना. आईला वाटलं, दुसरी कोणी आहे.

मला कारण कळलं ते पार्सलवरून. समोर कुलूप होतं म्हणून कुरिअरवाला सुनीलचं पार्सल माझ्याकडे देऊन गेला. कोपरा जरासा फाटलेला होता, मी आणखी जरासा फाडला. आत चूर्णाचा डबा, वर हिंदीत लिहिलेलं, 'जवानी की भूल से आई कमजोरी'.

मी पार्सल दिलं, चहा दिला, फाटलेल्या कोपऱ्याबद्दल तोही बोलला नाही, मीही नाही. नुसता किस्सा सुरू केला.

*

बाबाराव खिडकीत बसून नाव लिहीत आणि सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं विचारत, "काय होऊन राहिलं?"

भर बाकासमोर कोण सांगणार? जो तो म्हणे, "ताप."

बाबाराव प्रामाणिक. प्रत्येकाला थर्मामीटर लावत. ताप कोणालाच नाही. महिनाभर हे चाललं, मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. तेव्हापासून ते हळूच विचारू लागले, "साधा ताप का खाजगी?"

खाजगीवाल्यांची रांग नेहमी मोठी असे.

*

काही जणांना बाकावर बसायचीही लाज. ते माझ्या ओट्यावर बसत. बसायला काही निमित्त पाहिजे म्हणून विचारत, "काकू, मुंगवड्या आहेत का जी?" मी घरच्यापुरत्या वड्या घालणारी बाई. पण गिऱ्हाईक दारात आलं तर नाही कसं म्हणावं?

आमचे हे म्हणत, "डॉक्टर लोकांची भीती घालवून राहिला, अन् तू त्याच भीतीवर वड्या विकून राहिली."

*

एक गृहस्थ आले, चाळिशीचे, पांढरा कडक शर्ट. पिशवीतून काचेची बाटली काढली. रस्त्याकडेच्या तंबूतल्या वैद्यानं त्यांना सांगितलं होतं, तरुणपणी हाताची सवय होती म्हणून आता लघवीवाटे ताकद वाहून चालली आहे. म्हणून ते पुरावा घेऊन आले होते.

डॉक्टरसाहेबांनी बाटली तपासणीला पाठवली. दोन दिवसांनी म्हणाले, "पाणी कमी पिता. बाकी काही नाही."

"अन् ती सवय?"

"हस्तमैथुन म्हणतात त्याला. त्यानं रक्त आटत नाही, ताकद जात नाही. शरीर वीर्य रोज नवं तयार करतं. बहुतेक सगळेच करतात."

गृहस्थ म्हणाले, "सगळेच म्हणजे... तुमीबी?"

भिंतीअलीकडं मी वड्यांचं पातेलं धरून उभी.

"मी सगळ्यांच्या बाहेर कुठून येणार?" डॉक्टरसाहेब म्हणाले.

हा किस्सा ऐकून सुनील पहिल्यांदा हसला. पण लगेच उठून गेला.

*

रामटेकचा एक पाहुणा गुडघे धरून आला. बाबारावांनी सांगितलं, "हाडाचा डॉक्टर चौकात आहे." पण तो म्हणे, दुखणं इथलंच.

झालं असं की ती सवय सुटावी म्हणून त्यानं नवस बोलला होता. दर वेळेला चुकला की गड अनवाणी चढायचा. वर्षभर चुकत गेला, चढत गेला. गावात मोठा भक्त म्हणून नाव झालं. लोक पाया पडायला लागले, तेव्हा त्याला रडू आलं.

डॉक्टरसाहेबांनी त्याला पाणी दिलं. म्हणाले, "सवयीनं तुमचं काही बिघडलं नाही. प्रायश्चित्तानं गुडघे बिघडले. देवाला भेटायला जा ना, पण शिक्षा भोगायला जाऊ नका."

"मग हे कधी वाईट?"

"कामधंदा, झोप, माणसं सोडून त्यातच गुंतलात, किंवा थांबवावंसं वाटूनही थांबवता येईना, तर या. दुखलं, जळजळलं, फोड आला, तरी या. नुसतं मन खात असेल तरी या. पण चूर्ण खाऊन येऊ नका."

शेवटचं वाक्य मी सुनीलला दोनदा सांगितलं.

त्यानं कप खाली ठेवला. "काकू, पार्सल तुमीच फाडलं ना?"

"कोपरा आधीच फाटला होता गा."

"मी वैशालीच्या लायक नाही काकू. तिची जिंदगी खराब होईल."

"हे मले काहून सांगतं? पलीकडं सांग. दहा पावलं आहे."

*

दहा पावलं चालायला सुनीलला आठ दिवस लागले. तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. डॉक्टरसाहेबांनी डबा ठेवून घेतला आणि सांगितलं, "लग्न करा. आणि ही भीती बायकोपासून लपवू नका, नाहीतर तीच घरात तिसरी होऊन बसेल."

सुनीलनं हे जरा जास्तच मनावर घेतलं. लग्नापर्यंत थांबायलाही तयार नाही. त्यांच्या घरी लग्नाआधी दोघांना एकत्र बसू देत नव्हते, म्हणून वैशालीला माझ्याकडे बोलावलं. मी चहा ठेवून आत गेले. आत म्हणजे दाराच्या मागे.

त्यानं सगळं सांगितलं, सवय, चूर्ण, लग्न मोडायचं मनात आलं ते. खाली बघून, एका दमात.

वैशालीच्या चहावर साय धरली. मग म्हणाली, "तुमच्या त्या डॉक्टरले मले भेटायचं आहे."

ती गेल्यावर सुनील आत आला. मला म्हणाला, "खात्री करून घेऊन राहिली काकू. आता मोडलंच समजा."

दुसऱ्या दिवशी दोघं आले. तो तिच्यामागून आत जायला निघाला, तर ती दारात वळली. "तुमचं झालं ना? आता माझा नंबर. बाहेर बसा."

बाहेर म्हणजे माझा ओटा. तो नखं खात बसला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. "एवढं काय विचारून राहिली असंल?" मी म्हटलं, "मले काय माहीत." खरंच माहीत नव्हतं. वैशाली एवढं हळू बोलत होती की अर्ध्या विटेतूनही काही येईना.

वीस मिनिटांनी ती बाहेर आली. डोळे ओले होते आणि हसत होती. ओट्यावर बसली, तांब्याभर पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं.

सुनील उभाच. "काय म्हणाले डॉक्टर?"

वैशालीनं चपला पायात सरकवल्या.

"तुमाले जे म्हणाले, तेच."