बिननावाची गाडी

आमच्या घरी ढेकूण झाले होते, हे आता अख्ख्या पडेगावला माहीत असल्यामुळे लिहायला काही हरकत नाही.

पहिला ढेकूण दिसला तो बैठकीच्या सोफ्यावर. नेमका त्याच सोफ्यावर, जिथे रविवारी नाशिकचे पाहुणे बसणार होते! पाहुणे म्हणजे आमच्या मुलीने, मुग्धाने, स्वतःच पसंत केलेल्या मुलाचे आई-वडील. पहिल्यांदाच घरी येणार होते. ढेकूण बघितला आणि डोळ्यांसमोर चित्रच उभं राहिलं: मुलाचे वडील पोह्यांची बशी घेऊन बसलेत, मध्येच मांडी खाजवतात, बायकोकडे बघतात, आणि दोघंही न बोलता उठतात.

"कुणाला कळता कामा नये," संध्या, म्हणजे आमची सौ., कुजबुजली. (घरात आम्ही दोघंच होतो, तरी कुजबुजली.) "नफीसाभाभींना तर मुळीच नाही."

नफीसाभाभी आमच्या शेजारीण. बाई सोन्यासारखी, पण शेजारधर्म इतका कडक की आमच्याकडे कुणी शिंकलं की त्यांच्याकडून काढा येतो. ढेकणांचं कळलं असतं तर औषधं घेऊन गल्लीतला बायकांचा मोर्चाच आमच्या दारात उभा राहिला असता.

पेस्ट कंट्रोलवाला निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी जन्मभर बँकेत नोकरी केलेला माणूस, चौकशी करणं अंगवळणी पडलेलं. औषध कोणतं मारता, वास किती राहतो, ढेकूण परत आले तर तुम्ही परत येता का, हे शहाण्या माणसाने विचारावं. मी भीतीपोटी एकच प्रश्न विचारत सुटलो.

"तुमच्या गाडीवर नाव आहे का हो?"

"आहे ना सर!" पहिल्या कंपनीतली मुलगी अभिमानाने म्हणाली. "शिवाय टपावर मोठ्ठं झुरळ आहे. लांबून दिसतं!"

मी फोन ठेवला. दुसरी कंपनी काम झाल्यावर गेटला स्वतःचं स्टिकर लावत होती, तेही मोफत. तिसऱ्याने सांगितलं की तो आधी गल्लीच्या ग्रुपवर निरोप टाकतो, म्हणजे शेजाऱ्यांनाही सवलत मिळते. मी तोही फोन ठेवला.

शेवटी सापडला तो देवगाव रंगारीचा बाळू.

"गाडीवर नाव? नाय बा, अजून रंगवलंच नाय. आपलं काम लई गुपचूप असतं साहेब. या कानाचं त्या कानाला कळायचं नाय."

"औषध कोणतं ते विचारा ना!" संध्या मागून म्हणाली.

"ते नंतर बघू," मी म्हणालो आणि शनिवार पक्का केला.

शनिवारी सकाळी पांढरीफटक व्हॅन दाराशी लागली. मी गल्लीत दोन्ही बाजूंना बघून बाळूला आत ओढलं.

"गाद्या गच्चीवर टाका," बाळू म्हणाला.

"अजिबात नाही!" (गच्चीवर गाद्या म्हणजे गल्लीभर दवंडीच की!) "सगळं आतल्या आत उरक."

त्याने खांदे उडवले, तोंडाला मास्क लावला, पाठीला टाकी बांधली आणि दार लावून घेतलं. आम्ही दोघं अंगणात येऊन कुंड्यांना पाणी घालायला लागलो. सकाळी एकदा घातलेलं होतं तरीही!

आणि मग वास आला. डोळ्यांतून पाणी काढणारा. कुंपणावरून नफीसाभाभींचं डोकं वर आलं.

"भाईसाब, आपके घर से गॅस की बू आ री!"

"नाही हो भाभी, फोडणी जळाली."

"फोडणी? संध्या तो इधर खडी है!"

उत्तर भाभींनीच शोधलं. "या अल्ला! निकलो रे सब बाहर! कुलकर्णी के घर में सिलेंडर लीक है!"

गल्ली रिकामी झाली आणि सगळी आमच्या गेटसमोर भरली. कुणी लेकरं काखेत मारून आलं, कुणी टीव्ही. कुणीतरी अग्निशमन दलाला फोन लावायला लागलं. एक शब्द बोललो असतो तर सगळं थांबलं असतं, पण तोच शब्द तोंडातून फुटेना!

तेवढ्यात बाळू मास्क लावून दारात आला.

"अंदर आदमी है! बचाओ!" चौघांनी बाळूला उचलून रस्त्यावर आडवं केलं आणि भाभींनी त्याच्यावर बादलीभर पाणी ओतलं.

"सोडा! मला काय बी झालं नाय!"

"तू कौन? अंदर क्या कर रा था?"

बाळूने माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं, आणि मिटलं. "ते नाय सांगणार," तो म्हणाला. (गुपचूप काम!)

"चोर है!" कुणीतरी ओरडलं. मास्क, बिननावाची गाडी, लावलेलं दार, सगळं जुळत होतं. एकाने काठी उगारली आणि माझा धीर सुटला.

"मारू नका त्याला!" मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. "ढेकूण! आमच्याकडे ढेकूण झालेत! सोफ्यात, गाद्यांत, सगळीकडे!"

उगारलेली काठी खाली आली. एवढ्यात गर्दीच्या मागे एका मोटारीचं दार उघडल्याचा आवाज आला. एक गृहस्थ हात जोडून पुढे आले, मागे त्यांची बायको.

"नमस्कार. आम्ही नाशिकचे. इकडे फर्दापूरला एका लग्नाला आलो होतो, ते कालच आटोपलं, म्हटलं उद्यापर्यंत कशाला थांबायचं?"

संपलं, मला वाटलं. पोरीचं ठरत आलेलं लग्न मोडलं, आणि तेही माझ्याच तोंडाने. मुग्धाला काय सांगू? संध्याकडे बघायचीही हिंमत होईना.

गृहस्थ मात्र पोट धरून हसायला लागले. "अहो, सोयरीक जमवताना लोक टकलापासून आजारापर्यंत सगळं झाकतात. तुम्ही तर ढेकूणसुद्धा भर रस्त्यात ओरडून सांगता! इतकं मोकळं घर आम्हाला कुठं मिळणार?"

आमचं घर औषधाने भरलेलं होतं. पाहुणे भाभींच्या घरी बसले. चहा आणि नानखटाई खात तिथेच सगळं ठरलं.

साखरपुड्याला बाळूला आमंत्रण होतंच. त्याने व्हॅन बरोबर मंगल कार्यालयाच्या दारासमोर उभी केली, नवी रंगवलेली. मी जवळ जाऊन वाचलं: 'पडेगावच्या कुलकर्णी साहेबांचे ढेकूण आम्हीच मारले.'

"कसं काय साहेब?" बाळूने विचारलं. "लांबून दिसतंय ना?"

गाडीवर नाव नाही म्हणून ज्याला मी निवडलं, त्याच्या गाडीवर आता नाव आहे. माझं!