पानावरचं दुसरं नाव

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, चर्चच्या पाळकांनाही नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही. कदाचित तुम्ही माझ्याकडून कधी भांडी घेतली नसतील म्हणून. ज्यांनी घेतलीत ते माझा शब्द जपूनच ऐकतात.

गौलीगुड्यात माझं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. सायकलला पातेली बांधून गल्लोगल्ली ओरडत फिरलो, तेव्हा ते उभं राहिलं. कुणी हात दिला नाही. हे मी सगळ्यांना ऐकवतो — तुम्हालाही ऐकवलं.

आम्ही मराठी ख्रिस्ती. मी अकरा वर्षांचा असताना वडिलांनी अंबरपेठच्या घरात दुसरी बायको आणली, मरियम्मा. माझी आई जिवंत असताना, तिच्याच चुलीसमोर. चर्चनं वडिलांचं प्रभुभोजन बंद केलं, तिचंही. उपासनेत त्या भोजनाच्या भाकरीचं ताट बाकांवरून फिरायचं आणि शेवटच्या बाकापाशी न थांबता परत जायचं. तिथं ती मान खाली घालून बसलेली असे. मला ते बघायला आवडायचं. खोटं कशाला बोलू?

मी तिला चिन्नम्मा म्हणायचो — तेलुगूत धाकटी आई. दोन वर्षांनी माझी आई गेली. मग माझा डबा चिन्नम्मा भरायची. तो मी शाळेच्या फाटकाशी गायीला घालायचो.

लोक बायबल भक्तीनं वाचतात. मी वडिलांशी भांडायला वाचलं. ते म्हणायचे, अब्राहामाला अनेक बायका होत्या, याकोबाला होत्या, दाविदाच्या तर मोजायलाच नकोत. मी म्हणायचो, देवानं आदामासाठी हव्वा एकच केली, आणि येशूनंही तेच सांगितलं — दोघं एकदेह होतील. दोघं. तिघं नाहीत. आणि तुमच्या त्या घरांत झालं काय? हागारेला रानात हाकललं, हन्ना रडत राहिली, याकोबाच्या पोरांनी आपलाच भाऊ विकला. नावडतीच्या मुलाचा हक्क बुडवू नये, हा बायबलच्या नियमशास्त्रातला भाग मी वडिलांना कितीदा तरी वाचून दाखवला — नावडतीचा मुलगा मीच ना. पण त्याच जागी आवडती आणि नावडती, दोघींनाही बायकोच म्हटलंय. ते मी कधी बोललो नाही. आपल्याच मालातली खोट कोण दाखवतं?

वडील गेले. चार वर्षांपूर्वी चिन्नम्मा अंथरुणाला खिळली. तिची मुलगी सुजाता, माझी सावत्र बहीण, नारायणगुड्याच्या इंग्रजी शाळेत शिकलेली. तिनं मला बोलावून घेतलं. घरच्या बायबलच्या शेवटी लग्नं, जन्म, मृत्यू लिहायची पानं होती. वडील निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. मराठीसुद्धा उर्दू लिपीत लिहायचे. ती लिपी घरात मला एकट्यालाच येते. पोर असताना वडिलांनीच मांडीवर बसवून शिकवली होती.

"बाबू, किताबात माझं नाव लिवलंय म्हणत होते ते," चिन्नम्मा म्हणाली. "बघ की. असलं तर मेल्यावर मला त्यांच्याजवळ ठेवा. नसलं तर नक्को."

मी चष्मा लावला. पान उघडलं. लग्नांखाली दोन नावं होती.

"अण्णा, काय लिहिलंय?" सुजातानं विचारलं.

"एकच नाव आहे. माझ्या आईचं."

"मग खाली दुसरी ओळ कसली? आणि हा ठसा?"

"आईच्या माहेरचं लिहिलंय. ठसा नाही तो, शाई सांडलीय."

चिन्नम्मानं मान हलवली. "हौ. तिचंच असायला पायजे," म्हणाली. आणि मग — जेवून आलास का, असं विचारलं.

त्यानंतरही सांगता आलं असतं. ती पुढे नऊ दिवस होती. मी रोज गेलो, रोज तिनं सुजाताला चहा करायला लावला, रोज मी तो पिऊन परत आलो.

वडिलांच्या शेजारची जागा मोकळी होती. मी कबरस्तानाच्या पार दुसऱ्या टोकाला, भिंतीकडेची दाखवली. तिनंच तसं सांगितलं होतं, हे मी सगळ्यांना पटवून दिलं. आणि सांगितलं तर होतंच ना?

ज्या पुस्तकाचे दाखले देत मी म्हातारा झालो, त्यानं याकोबाच्या घरातली एकही बाई गाळलेली नाही. लेआ आहे, राहेल आहे. त्यांच्या दासी बिल्हा आणि जिल्पा — त्याही नावानिशी आहेत. त्या घराला ते चांगलं म्हणत नाही. पण नावं जपली.

आणि तो ठसा शाई सांडल्याचा नव्हता. दुसऱ्या, म्हणजे चिन्नम्माच्या नावापुढे वडिलांनी लिहिलं होतं — पहिलीच्या संमतीनं. खाली अंगठा होता. माझ्या आईला लिहिता येत नव्हतं. तिनं तो राजीखुशीनं उठवला, की वडिलांनी हात धरून उठवून घेतला, मला माहीत नाही. ती बोलली नाही आणि मी कधी विचारलं नाही. तिच्या वतीनं जन्मभर भांडलो मात्र.

ते बायबल आता माझ्या कपाटात आहे. ईस्टरच्या सकाळी सुजाता आधी वडिलांच्या कबरीवर फुलं ठेवते. मग उरलेली घेऊन, ओळीमागून ओळ ओलांडत, भिंतीपर्यंत चालत जाते. लांब आहे. मी वडिलांपाशी उभा राहून तिला जाताना बघतो.