तिच्या गोष्टीतलं दही

गोष्ट रंगात आली की तिचा हात थांबायचा. कापूस अर्धा बोंडात, अर्धा बोटांत, आणि डोळे माझ्या तोंडावर.

"मंग काय झालं, अक्का?"

"मंग काय होते? हात चालव," मी म्हणायची.

कापूस वेचणाऱ्या बाया तुम्ही पाहिल्या असतील. तोंड जितकं चालतं तितका हात चालतो. हिचं उलटं. संध्याकाळी काट्यावर सगळ्यात हलकं गाठोडं हिचं, सगळ्यात जड माझं. गोष्टी सांगणारीही मीच. या पोरीचा पुढे हेवा वाटेल असं तेव्हा कोणी म्हटलं असतं तर मी हसले असते.

तिचा बाप आंध्राकडून आलेला. पांढरकवड्याजवळ हायवेवर त्याचं पंक्चरचं दुकान होतं. घरात तेलुगू, शाळेत मराठी, शेतात आमची वऱ्हाडी. गाव तिला तेलंगीण म्हणायचं. आदिलाबादला गेली की मावश्या म्हणायच्या, आली मराठीण. ती दोन्हीकडे हसायची. मला अशी माणसं कळत नाहीत. चिडायचं तिथं चिडावं.

कॉलेजात असताना तिची गोष्ट एका दिवाळी अंकात आली. मग पुस्तक आलं, मग दुसरं. कापसाची वाईट वर्षं होती ती. कॅमेरे घेऊन गाड्या यायच्या, रडणारी तोंडं शोधत. हिलाही लोक म्हणाले, रडण्याचं लिही. हिनं वेचणाऱ्या बायांची भांडणं लिहिली. शहरातले म्हणाले, भाषा शुद्ध नाही. गावातले म्हणाले, इकडे मरण होऊन राह्यलं अन् ही हसवून राह्यली. पण वाचलं सगळ्यांनी.

यवतमाळला सत्कार झाला. शाल, नारळ, मोठा हार. मी मागच्या खुर्चीवर. भाषणात ती म्हणाली, "या गोष्टी मी शेतात ऐकल्या." शेतात! जशी काही कापसाची पऱ्हाटीच बोलत होती.

दुसऱ्या पुस्तकात माझ्या सासूची गोष्ट होती. मी चौथीपर्यंत शिकले. बोट ठेवून वाचते. वाचली.

आमच्याकडे वेचणीच्या पहिल्या दिवशी पऱ्हाटीच्या बुडाशी दहीभात ठेवतात, मगच बोंडाला हात लावतात. एका वर्षी आमची म्हैस आटली. सासूनं मला वाटी देऊन चुलतसासूकडे दही मागायला पाठवलं. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्या दोघींचा अबोला होता. चुलतसासूनं वाटी रिकामीच परत पाठवली. सासूनं कोरडा भात ठेवला आणि दिवसभर शिव्या दिल्या. मरेपर्यंत दोघी बोलल्या नाहीत. खरी गोष्ट ही, आणि मी सांगितलेलीही हीच.

पुस्तकात चुलतसासू स्वतः दही घेऊन शेतात येते, आणि दोघी एका ताटात जेवतात.

पोरगी गावी आली तशी मी तिला अंगणातच धरलं.

"काहून वं, खोटं काहून लिहिलं?"

"अक्का, तिनं दही द्यायले पायजे होतं ना?"

"पायजे होतं. देल्लं नाही."

"मंग मी देल्लं," ती म्हणाली आणि ओट्यावर बसून चहा मागितला.

चहा दिला मी. साखर कमी टाकली.

पुढच्या वेचणीला चुलतसासूची सून दह्याची वाटी घेऊन आमच्या धुऱ्यावर उभी. तोपर्यंत आमच्याकडे साधं पाहतही नव्हती.

"हे काय?" मी विचारलं.

"दही. रीत हाय ना आपली."

"कोणती रीत वं? तुह्या सासूनं काय केलं, तुले मालूम नाही?"

"मालूम हाय. पण पुस्तकात असं हाय, अन् लोक घरी येऊन आमच्या दह्याचं नाव काढतात. आता नाही आणलं तर बरं दिसते काय?"

माझी खरी गोष्ट या सुनेच्या कानावर शंभरदा पडली होती. त्यापायी वाटीभर ताकही कधी आलं नाही. तेव्हापासून दही दरवर्षी येतं. धुऱ्याचं भांडणही कोणी काढत नाही.

ती लिहिणारी पोर नागपूरला राहायला गेली. तिथंच आजारी पडली आणि गेली. माझ्याहून बरीच लहान. पेपरात फोटो आला, मोठा. माझा फोटो आहे तो आधार कार्डावर.

यंदाही वेचणी लागली, दह्याची वाटी आली. माझ्या शेजारच्या तासात, म्हणजे ओळीत, नवी बाई आहे, हाताची चपळ. मी सासूची गोष्ट काढली, खरी. रिकामी वाटी परत आली तिथपर्यंत आणली. बाईचा हात काही थांबला नाही. वर म्हणते, "माय, पुस्तकात वेगळी हाय ना?"

दुपारी उरलेला दहीभात खाल्ला. दही गोड होतं. आंबट असतं तर बरं झालं असतं.