काय केलं ते लिहा

एव्हरिल पॅस्कोला कुणी हट्टी म्हटलं तर ती रागावत नाही. "हट्टी म्हणजे हातचं काम संपवणारीच ना?" असं विचारते आणि बोलणाऱ्याच्याच गळ्यात एखादं काम टाकते. गेली तेरा वर्षं हा गळा बहुतेक वेळा माझा आहे.

मी ड्यूगल. न्यूझीलंडमधल्या ओमारूत लोकरीच्या गिरणीत फिटर होतो. गिरणीला टाळं लागल्यावर घरामागच्या शेडमध्ये लोकांची गवत कापायची यंत्रं दुरुस्त करत बसायचो. २००६ सालच्या जुलैच्या गारठ्यात एव्हरिल कपड्यांच्या टोपलीत काहीतरी जड घेऊन फाटकातून आत आली. दोन फाटकं सोडून पलीकडे राहणारी बाई, पण तोवर आमचं बोलणं हवापाण्यापुरतंच होतं. टोपलीत तिच्या सासूचं मोजे विणायचं यंत्र होतं. टेबलाच्या कडेला आवळायचं, वर गोल कडं, कड्यात बहात्तर सुया आणि बाजूला दांडा. दांडा एकदा फिरवला की एक फेर विणून होतो. पायाची सरळ नळी कुणीही विणेल. पण टाच आली की दांडा पुढंमागं करावा लागतो, आणि तिथं या यंत्राची सोंगं सुरू होतात. टाके गळतात.

मी झिजलेलं चाक बदललं, तेल घातलं, सुया सरळ केल्या. टाके गळायचे ते गळतच राहिले. मग ती ग्रंथालयातल्या संगणकावर जाऊन बसली. आठवड्याभरानं एक छापलेला कागद घेऊन आली आणि तो माझ्या कामाच्या टेबलावर आपटला.

"वाच."

कुठल्या तरी देशातल्या एका माणसानं लिहिलं होतं. हेच यंत्र, हीच टाच, डावीकडच्या तिसऱ्या सुईवर हाच टाका गळतोय. खाली चार जणांनी चार तऱ्हेचे सल्ले दिले होते. शेवटी त्याच माणसाचं उत्तर होतं, "जमलं. सर्वांचे आभार." त्यानंतर काही नाही.

"काय जमलं?" एव्हरिल म्हणाली. "चारांतलं कुठलं जमलं? का पाचवंच काही केलं यानं?"

"अगं, त्याचं काम झालं, तो गेला."

"जेवला आणि ताटही न उचलता उठला. असल्या माणसाला मी माझ्या घरात पाऊल टाकू देणार नाही."

मला वाटलं, बाई बडबडून गप्प बसेल. पण तिनं ते घर खरंच बांधलं. एक कंपनी तेव्हा असल्या गप्पांच्या कट्ट्यांना इंटरनेटवर फुकट जागा द्यायची. तिथं एव्हरिलनं मोज्यांच्या यंत्रांचा कट्टा उघडला. कुणीही प्रश्न विचारावा, त्याखाली बाकीच्यांनी उत्तरं द्यावीत. एक प्रश्न आणि त्याची उत्तरं मिळून एक धागा. अगदी वर ठळक अक्षरांत तिनं नियम लिहिला. विचारणाऱ्यानं परत यायचं. काय केलं ते लिहायचं. जमलं नसेल तर तेही लिहायचं. मगच तो धागा बंद.

पहिले तीन महिने कट्ट्यावर आम्ही दोघंच होतो. मी दांड्याबद्दल काही विचारायला तिच्या दारात गेलो की ती म्हणायची, "इथं नाही. घरी जा, तिथं विचार." मी मुकाट्यानं घरी यायचो, दोन बोटांनी टाइप करायचो आणि पंधरा मिनिटांत दोन फाटकं पलीकडून उत्तर यायचं. बायको हसून बेजार व्हायची. ऑक्टोबरात टास्मानियातून एक तिसरी आली. ख्रिसमसपर्यंत आम्ही अकरा झालो. आमच्या टाचेचं कोडंही त्या तिसरीनंच सोडवलं. विणलेल्या मोज्याला खाली जे वजन लोंबतं ते दर चार ओळींनी वर सरकवायचं, एवढंच होतं. एव्हरिलनं ते फोटोसकट लिहून ठेवलं.

कट्टा उघडणं सोपं असतं. तो चालू ठेवणं म्हणजे रोज सकाळी उठून दुसऱ्यांचे गळलेले टाके मोजणं. सकाळी आठ ते दहा ती टेबलाशी बसायची. नवीन येणाऱ्याला स्वतः चिठ्ठी लिहायची. गोर नावाच्या गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी यंत्राला तेल घालावं की ग्रीस लावावं यावर अकरा दिवस भांडण केलं, एकमेकांच्या आयांपर्यंत पोचले. तिनं दोघांचीही तोंडं बंद केली आणि हुकूम सोडला की एकानं तेलावर, एकानं ग्रीसवर सारखाच मोजा विणून दाखवावा. दोघांनी विणले. काडीचा फरक नव्हता. तेही त्यांना लिहावं लागलं.

आणि जे उत्तर घेऊन पसार होत, त्यांच्या ती मागे लागायची. लग्नाआधी आणि नंतरही ती चौदा वर्षं टेलिफोन एक्स्चेंजवर होती, माणूस शोधून काढणं तिच्या हाडात होतं. विसाव्या दिवशी चिठ्ठी, चाळिसाव्या दिवशी फोन. बॅलराटचा एक गडी तिला इस्पितळाच्या खाटेवर सापडला. मी समोरच बसलो होतो. ती त्याला म्हणाली, "पित्ताशय डॉक्टर बघतील. टाचेचं काय झालं ते तू सांग."

लोक वैतागायचे. पण आमच्या कट्ट्यावर ज्याला उत्तर मिळायचं, त्याला शेवटपर्यंतचं मिळायचं. म्हणून लोक यायचे.

२०१९ च्या एप्रिलात कंपनीचं पत्र आलं. एकतीस मेला सगळे कट्टे बंद. ज्याला आपलं हवं असेल त्यानं उतरवून घ्यावं, नंतर काही उरणार नाही. आमचे तेव्हा दोन हजारांवर धागे होते. ओढून नेण्याची सोय होती ती फक्त अक्षरांची. फोटो एकेक करून वेगळे न्यावे लागणार होते, आणि मोज्यांच्या यंत्रात फोटोशिवाय कुणाला काय कळणार. निम्म्या लोकांनी तोवर, सगळं जग जिथं असतं त्या मोठ्या साइटवर गट काढलाही होता. तिथं आज विचारलेलं परवा सापडत नाही. तरी ते म्हणाले, एव्हरिल, सोड आता, इकडेच ये.

ती गेली नाही. तिनं स्वतःची जागा घेतली, मदतीला उरलेल्या आम्हा सहा जणांना धागे वाटून दिले आणि एक अट घातली. बंद झालेलेच धागे न्यायचे. त्रेसष्ट अजून उघडे होते. ते ती आधी बंद करणार होती.

तेव्हा माझं डोकं फिरलं. सहा आठवडे हातात, डोंगराएवढं काम, आणि ही बाई तेरा वर्षांपूर्वीचे फरार शोधत बसणार. मी तिच्या स्वयंपाकघरात उभा राहून बोललो.

"ते त्रेसष्ट तसेच ने ना. कोण विचारतंय?"

"नव्या घरात मी उष्टी ताटं नेत नाही."

"आणि या नादात बाकीचं बुडालं तर?"

"बाकीचं तुझ्याकडे दिलंय," ती म्हणाली. "तू बुडवणार आहेस का?"

मी घरी येऊन फोटो उतरवायला बसलो.

तिनं फोन लावले. जुन्या डिरेक्टऱ्या, शेजारी, टपाल कार्यालयं, एकदा तर एका गावच्या खाटकाचं दुकान. मे महिना निम्मा सरला तेव्हा त्रेसष्टचे नऊ उरले होते. काही जण वारले होते. त्यांच्या मुलांकडून तिनं लिहून घेतलं. "आई वापरत होती शेवटपर्यंत, म्हणजे जमलंच असणार," असं एकानं लिहिलं, तेही तिनं मान्य केलं. विसाव्या तारखेला एकच उरला.

तो २०११ चा होता. ब्लफ बंदरातल्या हुइया ते-आउ नावाच्या बाईनं विचारलं होतं. आई गेली. तिच्या यंत्रावर अर्धा मोजा तसाच आहे, टाचेपर्यंत आलेला. मला विणता येत नाही. न उसवता तो काढायचा कसा? एव्हरिलनं खाली सहा पायऱ्या लिहिल्या होत्या. टाकाऊ लोकर गाठ मारून जोडा, वर उचललेल्या सुया खाली करा, दहा फेर फिरवा, मग कापा, असं सगळं, प्रत्येकीचा फोटो. फोटोंसाठी तिनं स्वतःच्या यंत्रावर मुद्दाम अर्धा मोजा विणला होता. आठ जणांनी आणखी बारकावे सांगितले होते. हुइया परत आली नव्हती.

ब्लफच्या घरी फोन हुइयाच्या मावशीनं उचलला. हुइया टीटी पक्ष्यांच्या हंगामाला बेटावर गेली होती. एप्रिल-मे ते सगळं घराणं तिकडेच असतं, पक्षी पकडणं, सोलणं, खारवून बादल्या भरणं. तिथं फोन लागत नाही.

"कधी येणार?"

"समुद्र सोडेल तेव्हा."

एव्हरिलनं रोज फोन केला. सहाव्या दिवशी मावशी म्हणाली, "बाई, तू पोलिसातली आहेस की बँकेतली?"

"मोज्यातली."

मावशी इतकी हसली की मला टेबलाच्या पलीकडे ऐकू आलं.

अठ्ठावीसला दुपारी हुइया स्वतः फोनवर आली. एव्हरिलनं फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, म्हणजे मला लिहून घेता यावं. आमचे बाकीचे सगळे धागे तोवर नव्या जागी पोचले होते. मी पेन घेऊन बसलो होतो, एवढं एक ओळीचं उत्तर घेतलं की सुटलो.

"हुइया, मी एव्हरिल पॅस्को. तुम्ही आठ वर्षांपूर्वी एक मोजा कसा काढायचा ते विचारलं होतं. काढलात तो? कसा काढलात?"

"तुम्ही अजून ते धरून बसलात?" हुइया म्हणाली. "मला तोंड दाखवायची लाज वाटत होती हो. तुम्ही एवढे फोटो काढलेत, एवढ्या जणांनी लिहिलं. मी सगळं छापून यंत्राशेजारी ठेवलं. टाकाऊ लोकरही आणली. पण दांड्याला हात लावला नाही. तो आई बेटासाठी विणत होती, हंगामाला. एक पुरा झालेला आहे. दुसरा तिथंच आहे. मी काढला नाही."

मी पेन खाली ठेवलं. एव्हरिलकडे बघवत नव्हतं. तेरा वर्षांत मी तिला उत्तरासाठी अडून बसताना पाहिलं होतं. मला वाटलं, आता ही सातवी पायरी सांगेल. तसं केलं असतं तर मी तिच्याशी परत बोललो नसतो.

"अजून यंत्रावरच आहे?" तिनं विचारलं.

"हो. टेबलही हलवलेलं नाही. काढायला पाहिजे का?"

"मला काय माहीत," एव्हरिल म्हणाली. "मोजा तुमच्या आईचा आहे. मी एवढंच विचारतेय, की काय केलंत."

"काहीच नाही केलं."

"मग तेच लिहा तिथं. एकतीसच्या आत लिहा, म्हणजे मला नेता येईल."

हुइयानं त्याच संध्याकाळी लिहिलं. "काढला नाही. आई जिथं थांबली तिथंच आहे. हंगामाला जाताना मी त्याला हात लावून जाते. सर्वांचे आभार."

एव्हरिलनं ते वाचलं, खाली धागा बंद झाल्याची खूण केली आणि सहाही फोटोंसकट तो सगळ्यात शेवटी नव्या जागी नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ती टेबलाशी बसली, तेव्हा तो परत उघडावा लागला. हुइयाचं उत्तर रात्रीत कुणीतरी त्या मोठ्या साइटवर कळवलं होतं, आणि तिकडे निघून गेलेल्यांपैकी चौदा जण परत येऊन त्याखाली लिहून गेले होते, की त्यांच्याही घरी एक आहे, अर्धा, आणि त्यांनीही तो काढलेला नाही.