चुलीवरचा मसाला

प्रदर्शनात वहिनीच्या स्टॉलवर मी मदतीला बसले होते. गिऱ्हाइकाला मसाल्याचं पाकीट देताना तिचा अंगठा दर वेळी एकाच शब्दावर येत होता, ‘चुलीवरचा’. नवीन पाकिटांवर दादाने तो हौसेने छापून घेतला होता. वहिनी मसाला भाजायची ती मात्र घरच्या गॅसवर.

“लोकांना असंच हवं असतं,” दादाने सांगितलं होतं.

दुपारी एका बाईंनी पाकीट नाकाशी नेलं. “खरंच चुलीवर भाजता?” त्यांनी सहज विचारलं.

शेजारी बसलेला दादा हो म्हणणार, तेवढ्यात वहिनी म्हणाली, “नाही. गॅसवर. पण मंद आचेवर, मी स्वतः उभी राहून भाजते.”

बाईंनी पाकीट ठेवलं आणि त्या पुढे गेल्या.

“असा धंदा होतो का?” दादा दबक्या आवाजात म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. मला मान वर करवेना. मिरच्यांच्या ठसक्याने खोकत खोकत कढईपाशी उभी राहणारी ही बाई. तिने कुणाच्या तरी न पेटलेल्या चुलीचा धूर उसना का घ्यावा? नाव कमवायचं म्हणतो आपण, आणि सुरुवातच दुसऱ्याच्या नावाने करतो.

वहिनीने पर्समधून काळं मार्कर काढलं आणि एकेका पाकिटावरचा तो शब्द खोडायला घेतला.

“अगं, किती वाईट दिसतंय ते,” दादा म्हणाला.

“दिसू दे,” ती म्हणाली. “आता कुणी काही विचारलं, तर मला बोलता येईल.”