कव्हरवरची कोरी खिडकी

रशीदचा शेवटचा फोन आला तेव्हा आमच्याकडे भारनियमन नुकतंच संपलं होतं. आवाज थकलेला. "दिवा लागला का रे तुझ्याकडे?" त्यानं विचारलं. "लागला की, आत्ताच आली लाइट." तो म्हणाला, "बरं झालं…" आणि फोन ठेवला. त्याच आठवड्यात तो गेला.

रशीद तांबोळी मूळचा कसबा पेठेतला. नारायण पेठेत भाड्याच्या एका खोलीत तो कॅसेटची कव्हरं काढायचा आणि आतल्या घडीवर गायकाविषयी चार ओळी मी लिहायचो. माझ्या चार ओळींत सगळेच प्रतिभावंत असत. नव्वदनंतर ज्याच्या अंगावर एकदा शाल पडली, त्याची कॅसेट निघायचीच. गायक स्वतः येऊन सांगायचे, "फोटो मोठा घ्या, तांबोळी. तानपुराही दिसू द्या." रशीद शांतपणे विचारायचा, "आणि गाणं कुठे बसवू?" त्याचं म्हणणं एवढंच, की कव्हर ऐकताना हातात धरायचं असतं. चेहरा दोनदा बघून संपतो. काहीतरी सांगायचं राहिलेलं असलं, तरच माणूस तिसऱ्यांदा बघतो.

मनासारखं कव्हर त्याला एकदाच करायला मिळालं. संध्याकाळच्या रागांची कॅसेट होती आणि गायिकेचा फोटो वेळेत आला नाही. रशीदनं निळ्या छटेवर भगवं आभाळ काढलं, खाली घरांची काळी रांग, आणि एका घराची खिडकी कोरी सोडली. "रंग भरायचा राहिला का?" मी विचारलं. "राहू दे ना. तुझ्यासारखं सगळं सांगून टाकायचं नसतं." प्रकाशनाला पाहुण्यांनी रिबीन सोडताना कव्हरच फाडलं आणि भाषणात कॅसेटचं नाव चुकवलं. रशीद माझ्या कानाशी म्हणाला, "फोटो यांचा घ्यायला हवा होता."

पुढच्या आवृत्तीवर गायिकेचा फोटो आला. कंपनी बंद पडली तेव्हा मूळ चित्रही कुठेतरी गेलं. उरली ती माझ्या टेबलाशेजारच्या खिडकीत उभी केलेली एक कॅसेट. उन्हातून काढतो म्हटलं, तर रशीदनं हात धरला. "तिथंच असू दे. छपाईतला लाल आधी उडतो, मग पिवळा. निळा आणि काळा टिकतात. दुकानांच्या काचेत बघ, सगळे गायक निळे पडलेत." "मग तुझ्या संध्याकाळचं काय?" "रात्र होईल तिची. तेव्हा बघ, टिकलं की नाही ते."

नंतर सीडी आल्या, संगणक आले, रशीदकडचं काम गेलं. त्याची मुलगी सायरा हिंजवडीत नोकरीला लागली. तिनं त्याला खिशात मावणारं गाण्यांचं यंत्र आणून दिलं. पडद्यावर प्रत्येक गाण्याला तेच करडं चित्र. "हे कुणी काढलं?" "ते डिफॉल्ट असतं, अब्बा." "बरंच काम मिळतं की त्याला," रशीद म्हणाला. सायरा हसली. तो हसला नाही.

परवा, तो जाऊन काही आठवडे झाल्यावर, टेबल आवरताना ती कॅसेट हातात घेतली. रोज समोर असूनही कितीतरी दिवसांत नीट पाहिली नव्हती. भगवं सगळं उडालंय. आभाळ गडद होत गेल्यासारखं निळं, घरं काळी. आणि ती कोरी खिडकी… तिथं शाई नव्हतीच, त्यामुळे उडायला काही नव्हतं. कागद तेवढा जुना होऊन पिवळा पडलाय. त्या निळ्या गल्लीत एकाच घरात दिवा लागलाय.

फोनवर मी त्याला विजेचं सांगितलं होतं. त्यानं दुसरंच ऐकलं, आणि ते खरं होतं.