कोपरापर्यंत खिसे

बाजाराचा दिवस होता. लग्नसराईमुळे माझ्या दुकानात ब्लाउजांचा ढीग पडला होता आणि मी नेहमीप्रमाणे गिऱ्हाइकांवर खेकसत होतो, तेवढ्यात जीप स्टँडवरचा चहावाला धापा टाकत आला. "टेलर, मशीन बंद कर. थावराला टॉमीनं मारलं... हालून न्हाई राहिला." टॉमी म्हणजे ड्रायव्हर लोकांची चाक खोलायची लोखंडी दांडी. मी चप्पल न घालताच पळालो. औंढ्याच्या ज्या स्टँडवर थावरानं उमेदीच्या वयात पन्नास जणांना लोळवलं असेल, तिथंच तो उताणा पडला होता. कानशील फुटलं होतं, रक्त केसांतून मातीत उतरत होतं. आणि त्याचे दोन्ही हात अजून पँटच्या खिशात होते. हिंगोलीच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच तो गेला. या गोष्टीला आता सात आठवडे झाले. लोक मला येऊन सांगतात की थावरा शेवटी शेवटी फार शांत झाला होता. मला ते ऐकवत नाही, कारण ती शांतता मी मापं घेऊन शिवली होती.

थावरा जवळच्याच तांड्यावरचा. माझी त्याची ओळख फाटलेल्या शर्टामुळे झाली. वीस वर्षांपूर्वी तो दुकानात आला, बाही खांद्यापासून लोंबत होती, ओठ सुजला होता, आणि चेहऱ्यावर मात्र लग्नाला निघाल्यासारखा आनंद. "शिवून दे, टेलर. समोरच्याचं तर शिवायसारखं काहीच राहिलं न्हाई." त्याच्या रागाला पायरी नव्हती. कुणी नंबर सोडून जीप पुढं घातली की हात, कुणी म्हाताऱ्या प्रवाशाला एकेरी बोललं की हात. महिन्याला एखादा शर्ट फाटायचाच. तुझ्या भांडणांवर माझं घर चालतं, असं मी त्याला म्हणायचो. एकदा पँट द्यायला चार दिवस उशीर केला, तर माझ्याच दुकानात त्यानं माझ्या कानाखाली वाजवली. दुसऱ्या दिवशी भजी घेऊन आला आणि ती खाईपर्यंत उठला नाही. अशा माणसावर रागावून तरी किती दिवस राहायचं!

मग त्यानं स्वतःची जीप घेतली, फायनान्सवर. दोन वर्षं बरी गेली. नंतर सोनाबाईचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, पोटाचं ऑपरेशन झालं, हप्ते थकले आणि एक दिवस वसुलीवाल्या चौघांनी भर रस्त्यात जीप अडवली. गाडीत प्रवासी होते, पुढच्या सीटवर सोनाबाई होती. त्यांनी थावराला कॉलर धरून खाली ओढलं, लाथा घातल्या, आणि एकानं सोनाबाईच्या हाताला धरून तिला उतरवलं. तिथं थावराचं भान गेलं. त्या माणसाचे पुढचे दोन दात त्यानं बुक्कीसरशी पाडले. जीप गेली ती गेलीच. ती विकूनही कर्ज उरलं, आणि वर मारहाणीची केस लागली.

लोकअदालतीत तडजोड झाली. उरलेलं कर्ज तीन वर्षांत हप्त्यानं फेडायचं आणि मारहाणीचं प्रकरण मिटवायचं. पण वकिलानं त्याला बजावून सांगितलं होतं, एक हप्ता चुकला किंवा तुझा हात कुणावर पडला की तडजोड मोडली म्हणून समज. मग तुरुंग आहे, आणि बायकोच्या नावावरचं तारण दिलेलं घरही जाईल. दुसऱ्याच दिवशी थावरा दोन पँटांचं कापड घेऊन माझ्याकडं आला.

"खिसे कोपरापर्यंत खोल शिव."

"काहून? चोरीचा माल ठेवतो का?"

"हात ठेवतो. हात बाहेर यायला वेळ लागला पायजे. तेवढ्यात राग जातो."

मी पोट धरून हसलो. पण शिवले. खिशांचं तोंडही अरुंद ठेवलं, म्हणजे मनगट अडावं. असले खिसे मी आधी कधी शिवले नव्हते आणि पुढं कधी शिवणार नाही.

त्यानंतरची तीन वर्षं मी जन्मात विसरणार नाही. दुसऱ्याची जीप रोजानं चालवायची, रोज संध्याकाळी पैसे सोनाबाईच्या हातात, आणि ती देईल त्यात मजा करायची. मजा करायचीच, हे त्याचं ठाम होतं. "हप्ता भरायचा म्हून तोंड कडू करून काहून बसायचं? तोंडाचा काही हप्ता हाय का?" बाजाराच्या दिवशी तो, सोनाबाई आणि मी अशी तिघांत एक प्लेट भजी घ्यायचो. भजी तिची, तळलेली मिरची त्याची, आणि कागदाला लागलेला चुरा माझा. खिशात शेंगा असायच्या, त्या काढायला त्याला अर्धं मिनिट लागायचं, तोवर आम्ही हसत बसायचो. स्वतःला मारामारी बंद, म्हणून दुसऱ्यांची बघायला जायचा. जत्रेतल्या कुस्त्या शाळेच्या भिंतीवर बसून बघितल्या. धनगरांच्या वाड्यावर एडक्यांची टक्कर बघायला मला पाच कोस चालवत नेलं. कपाळावर कपाळ आपटल्याचा तो आवाज आला की खिशात त्याच्या मुठी वळायच्या, बाहेरून दिसायच्या. बाजारात कुठं जुंपली की हा पुढच्या रांगेत. सासू-सुनांची, भाजीवाल्यांची, दारुड्यांची... आणि प्रकरण हातघाईवर आलं की खिशात हात घालून दोघांच्या मधे छाती काढून उभा राहायचा. "मला मार, मी परत मारत न्हाई, बराबर ना? असा मोका पुन्हा न्हाई भेटायचा." माणसं हसायची आणि भांडण तिथंच विझायचं. त्याला स्वतःलाही या गोष्टीचा फार अभिमान वाटायला लागला होता.

दुसऱ्या वर्षीची धुळवड तर मी डोळ्यांनी पाहिली. तांड्यात त्या दिवशी मधोमध खांब रोवून त्याला पुऱ्यांचं गाठोडं बांधतात. बायका काठ्या घेऊन राखण करतात आणि गड्यांनी मार खात खात ते पळवायचं. मार खोटा नसतो, पाठी काळ्यानिळ्या होतात. नेमका त्याच दिवशी तो दात पडलेला वसुलीवाला मोटरसायकलवर आला. हप्ता जमा झाल्याचं त्याच्याकडं दिसत नव्हतं, म्हणून विचारायला. त्याला रिवाज काय माहीत! गर्दी कशाची म्हणून तो सरळ खांबापाशी गेला आणि गाठोड्याला हात लावून बघू लागला. झालं. दहा-बारा काठ्या एकदम उठल्या. त्यांत सर्वांत पुढं सोनाबाई होती, आणि तिनं त्याला ओळखलं होतं. तो पहिला दणका खेळातला नव्हता. माणूस खाली पडला, कपाळ फुटलं. माझ्या मनात आलं, गेली तडजोड, गेलं घर. तेवढ्यात थावरा धावत गेला आणि खिशात हात तसेच ठेवून त्याच्यावर आडवा पडला. काठ्या थांबेपर्यंत त्याच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. "साहेब," तो खालच्या माणसाला म्हणाला, "आमचा सण हाय. पुरी खाऊन जा." सोनाबाईनं काठी टाकली, वसुलीवाल्याच्या कपाळाला हळद लावली आणि पुरी पुढं केली. मग त्यानं पुरी घेतली, उरलेल्या दातांनी खाल्ली, हप्त्याची पावती बघून गेला. तक्रार केली नाही. मोडक्या खांद्यानं थावरा महिनाभर घरी बसला आणि त्या महिन्याचा हप्ता तांड्यातल्या बायकांनी वर्गणी काढून भरला. ज्यांनी हाड मोडलं त्यांनीच हप्ता भरला, हे तो पुढं सगळ्यांना हसून सांगायचा.

यंदा शेवटचा हप्ता भरला, कर्ज फिटल्याचा कागद हातात आला. थावरा एक पँट अंगात आणि एक पिशवीत घेऊन माझ्याकडं आला. "टेलर, आता खिसे आखूड कर. सुटलो. ही ठेवून घे, ती झाली की अंगातली टाकतो." मी म्हटलं, लग्नसराई आहे, पंधरा दिवस थांब. पंधराचे पंचवीस झाले. मधे दोनदा येऊन गेला. "व्हईल, व्हईल," म्हणाला. जुना थावरा असता तर माझ्या कानाखाली वाजवून पँट करून घेऊन गेला असता. आणि आज जिवंत असता.

त्या दिवशी स्टँडवर दोन ड्रायव्हर नंबरावरून भिडले. थावरा नेहमीसारखा मधे गेला, छाती काढून. बघणारे सांगतात की टॉमी आधीच उगारली होती, मारणाऱ्याला ती आवरली नाही. थावरानं ती येताना पाहिली. त्याचे खांदे हलले, हात वर यायला निघाले... अरुंद तोंडाशी अडले.

पंधरवड्यानं सोनाबाई दुकानात आली. खुंटीवरची पँट तिला दिसत होती.

"झाले का खिसे?"

"न्हाई, वैनी." मग मी सगळं बोलून टाकलं. उशीर मी केला, तोंड अरुंद मी ठेवलं.

तिनं ऐकून घेतलं आणि सगळ्या ताकदीनं माझ्या कानाखाली मारली. डोळ्यांपुढं अंधारी आली. दुकानातल्या बायका उठून उभ्या राहिल्या. सोनाबाई स्टुलावर बसली आणि स्वतःच्या तळहाताकडं बघत म्हणाली, "ही त्याची व्हती. राग मानू नको. खिशाची अक्कल मीच दिली व्हती त्याला... घर वाचावं म्हून."

पँट तिनं नेली नाही. कापू नको, एवढंच सांगून गेली. ती अजून खुंटीवर आहे. रोज दुकान उघडलं की मी तिच्या खिशात हात घालतो. कोपरापर्यंत जातो, तळाशी शेंगांची टरफलं लागतात. हात बाहेर यायला खरंच वेळ लागतो. तेवढ्यात राग जातो, असं तो म्हणायचा. माझा जात नाही.